टारफुल्याची ओळख : ज्वारीच्या मुळावर जगणारी वनस्पती

खरिपाच्या ज्वारीला दीड महिना झालेला असतो. पाऊस वेळेवर पडलेला असतो, जमिनीत ओलही पुरेशी असते आणि तरीही शेतातील एखादा पट्टा भर दुपारी मान टाकतो. पानांच्या कडा करपतात, ताटे खुजी राहतात, रंग फिकटतो. शेतकरी प्रथम जमिनीला, मग खताला आणि शेवटी बियाण्याला दोष देतो. आणखी आठ-पंधरा दिवस गेले म्हणजे त्याच ताटांच्या बुडाशी वीतभर उंचीची, अरुंद व खरबरीत पानांची हिरवी रोपे दिसू लागतात आणि लवकरच त्यांस बारीक फुले येतात. हाच टारफुला होय. कित्येक ठिकाणी यास हिंदीतील 'अगिया' या नावाशी मिळतेजुळते असे 'आग्या' हे नावही आहे आणि करपलेले पीक पाहिले म्हणजे त्याचे स्पष्टीकरण वेगळे द्यावे लागत नाही.

शास्त्रीय भाषेत या प्रजातीस 'स्ट्रायगा' म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थ चेटकीण असा आहे. इंग्रजीतील 'विचवीड' या नावाचाही आशय तोच. पूर्वी ही प्रजाती नीरब्राह्मीच्या कुलात घालीत असत. अलीकडील वर्गीकरणानुसार तिचा समावेश वाकुंब्याच्या म्हणजे ओरोबँकेसी कुलात होतो. तंबाखूच्या शेतात उगवणारा बंबाखू हा याच कुलातला. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. बंबाखूत हरितद्रव्य नसते. तो सर्वस्वी यजमान वनस्पतीवर जगतो. टारफुल्याची पाने हिरवी असतात आणि काही अन्न तो स्वतः तयार करतो. नेमका हा हिरवेपणाच फसवा ठरतो. अमरवेल किंवा बांडगूळ दिसताच ते परक्याच्या जिवावर जगत आहे हे लहान मुलालाही कळते. टारफुला मात्र जमिनीतून उगवलेल्या इतर कोणत्याही तणासारखाच दिसतो, कारण त्याची चोरी जमिनीखाली चालते.

पुस्तकातील तांबडे फूल, शेतातील पांढरे फूल

टारफुला ओळखण्यात जी चूक वारंवार होते तिचे मूळ फुलाच्या रंगात आहे. स्ट्रायगा एशियाटिका ही या प्रजातीतील सर्वांत दूरवर पसरलेली जाती. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत आणि अमेरिकेत तिची फुले लालभडक असतात. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या शेतकऱ्यांनी तर तिला 'रोइब्लोम' म्हणजे 'लाल फूल' असेच नाव दिले. परदेशी ग्रंथांतील रंगीत चित्रे साहजिकच या तांबड्या फुलांची असतात. भारतात मात्र याच जातीची फुले बहुधा पांढरी व काही ठिकाणी पिवळी असतात. तांबडी क्वचितच आढळतात. त्यामुळे चित्र हाती घेऊन शेतात गेलेला शिक्षक किंवा कर्मचारी 'हे ते नव्हे' असा निर्वाळा देऊन परत फिरण्याचा संभव असतो.

एकाच जातीत प्रदेशागणिक असे निरनिराळे रंग टिकून राहतात यास कारण आहे. या जातीच्या फुलात परागण बहुतांशी त्याच फुलातल्या परागाने होते. त्यामुळे एका प्रदेशातील रंग दुसऱ्या रंगात मिसळत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. तात्पर्य, रंग हे येथे भरवशाचे लक्षण नव्हे. ज्या लक्षणांवर विसंबावे ती फुलाच्या मागच्या बाजूस आणि जमिनीच्या आत आहेत.

भिंगातून काय पाहावे

शाळेच्या प्रयोगशाळेतील साधे भिंग या कामास पुरेसे आहे. रोपाची उंची साधारणतः १५ ते ३० सेंटिमीटर असते. खोड चौकोनी व खरखरीत; त्यावरील राठ केस बोटाला जाणवतात. खालची पाने समोरासमोर, वरची एकाआड एक असतात. ती अरुंद व देठरहित असतात. फुले शेंड्याकडील पानांसारख्या छदांच्या बगलेत एकेक येतात. प्रत्येक फूल दीड सेंटिमीटरपेक्षा लहान असून त्याची नळी मध्येच एकाएकी वाकलेली असते. ही वाकलेली नळी संपूर्ण प्रजातीची खूण मानावी. नळीच्या तोंडाशी दोन ओठ असतात: वरचा आखूड व खाचेचा, खालचा तीन पाळ्यांचा. आत चार केसरदले असतात.

जाती ठरविण्यासाठी फूल तोडून त्याचा संवर्त, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरील हिरवी नळी, भिंगाखाली धरावी. तिला पाच दात असतात आणि अंगावर उभ्या शिरा उठलेल्या दिसतात. त्या शिरा मोजावयाच्या. प्रत्येक दाताच्या टोकापर्यंत एकच शीर जात असेल तर एकूण शिरा पाच होतात. याशिवाय दोन दातांमधील खाचेपर्यंत जाणारी आणखी एकेक शीर असेल तर दहा होतात. प्रत्येक दाताच्या वाट्याला तीन शिरा येत असतील तर पंधरा. दहा शिरा म्हणजे स्ट्रायगा एशियाटिका. एखाद्या फुलात एकदोन शिरा अधिक निघाल्या तरी त्याने गोंधळून जाऊ नये. पाच शिरा, पांढरी फुले आणि दाट भरगच्च कणिश असेल तर ती स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा. दख्खनच्या ज्वारीवर हिचाही उपद्रव होतो. पंधरा शिरांची, पांढऱ्या फुलांची स्ट्रायगा अँगुस्टिफोलिया ही मुख्यतः गवतांवर वाढते आणि प्रसंगी उसात शिरते. चौथी जाती स्ट्रायगा जेस्नेरिऑइडिस. तिची पाने खवल्यांसारखी खोडाला चिकटलेली आणि फुले फिकट जांभळी असतात. ती तृणधान्यांच्या वाटेस जात नाही. पश्चिम आफ्रिकेत चवळीचे पीक मात्र तिने हैराण केले आहे. आफ्रिकेतील ज्वारी, बाजरी व मका यांचे सर्वाधिक नुकसान करणारी मोठ्या गुलाबी फुलांची स्ट्रायगा हर्मोंथिका भारतात नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

टारफुला समजून भलतेच तण उपटले जाते, तसेच भलते तण समजून टारफुला सोडूनही दिला जातो. पांढऱ्या फुलांचा कुंभा ज्वारीत सर्रास असतो. त्याचेही खोड चौकोनी व फुले दोन ओठांची असतात. पण ती खोडाभोवती गोल गेंदांत येतात आणि पाने चुरगळली तर उग्र वास येतो. कुंभा कोणाच्या मुळावर जगत नाही. दुधाळीची गोष्ट वेगळी आहे. तिची फुले गुलाबी व पसरट, पाने सुतासारखी चिरलेली. ती टारफुल्याची नातलग असून तीही मुळांवर अर्धपरोपजीवी आहे. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात दिसणारी लांबच लांब नळीची पांढरी तुतारी हीसुद्धा याच गोतावळ्यातली. परंतु तिच्या फुलाची लांबी पाहताच शंका मिटते.

शेवटची व निर्णायक कसोटी खुरप्याची आहे. संशयित रोप हाताने उपटू नये. उपटले की जोड तुटतो आणि पुरावा मातीत राहतो. ज्वारीच्या ताटासह वीतभर खोल मातीचा गड्डा खणून काढावा, बादलीभर पाण्यात तासभर भिजत ठेवावा आणि माती अलगद सुटू द्यावी. टारफुल्याचा जमिनीखालील भाग पांढरा, गोलसर व खवलेदार असतो आणि हवा लागली की त्यावर निळसर छटा चढते. वाळलेले रोप काळपट पडते. पांढऱ्या भागाचा माग घेत गेल्यास तो ज्वारीच्या मुळाला ज्या ठिकाणी चिकटला आहे तेथे लहानशी गाठ सापडते. ते त्याचे शोषक अंग. ही गाठ एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या शेतकऱ्याला पुढचे व्याख्यान द्यावे लागत नाही, असा अनुभव आहे.

बी जागे कसे होते

टारफुल्याचे बी मिलिमीटरच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाएवढे, म्हणजे तपकिरी धुळीच्या कणासारखे असते. एका रोपापासून अशी हजारो बिया तयार होतात. जोमदार रोपाची संख्या ५०,००० च्या घरात जाते. ती जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. एवढ्या लहान बियात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. उगवल्यावर काही दिवसांच्या आत यजमानाचे मूळ सापडले नाही तर अंकुर मरतो. म्हणून हे बी नुसत्या पावसाने उगवत नाही. प्रथम त्याला एक-दोन आठवडे ओल व ऊब मिळावी लागते. त्यानंतरही ते थांबून राहते आणि अगदी जवळून जाणाऱ्या मुळाने मातीत सोडलेल्या एका विशिष्ट द्रव्याचा स्पर्श झाला तरच रुजते.

हे द्रव्य कोणते याचा शोध १९६६ साली अमेरिकेत लागला आणि तोही कपाशीच्या मुळांपासून. द्रव्यास 'स्ट्रायगॉल' असे नाव मिळाले. त्याची रेणुरचना १९७२ मध्ये निश्चित झाली. कपाशीवर टारफुला वाढू शकत नाही, तरी तिची मुळे त्याच्या बियाला जागे करतात. मग मुळे स्वतःच्या शत्रूला असे आमंत्रण का देतात? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. या गटातील द्रव्ये ही मुळांची जमिनीतील उपकारक बुरशीला घातलेली साद आहे, असे २००५ साली दिसून आले. ही बुरशी पिकाला स्फुरद मिळवून देते. २००८ मध्ये हीच द्रव्ये झाडाच्या फांद्यांची वाढ आवरणारी संप्रेरके असल्याचेही सिद्ध झाले. साद मित्राला असते. ती ऐकण्याची कला टारफुल्याने साधली आहे, एवढेच.

या शोधाचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. जमीन भुकेली असली की मुळे ही साद अधिक घालतात. हलक्या, कस गेलेल्या, वर्षानुवर्षे ज्वारीच घेतलेल्या रानात टारफुला माजतो आणि खतपाणी दिलेल्या रानात तो मागे हटतो, ही जुन्या शेतकऱ्यांची निरीक्षणे होती. त्यामागील एक कारण आता स्पष्ट झाले आहे. नत्र व स्फुरद यांची पुरेशी मात्रा आणि शेणखत हा टारफुल्यावरील इलाजाचा भाग आहे, केवळ उत्पादनवाढीचा नव्हे.

अंकुर मुळाला चिकटल्यावर टारफुला चार ते सात आठवडे जमिनीखालीच वाढतो. पिकाचे बरेचसे नुकसान याच काळात होते. तो पाणी व अन्न शोषतो इतकेच नव्हे, तर यजमानाची वाढच बिघडवतो. ज्वारीचे प्रकाशसंश्लेषण मंदावते व कांडी लांबत नाहीत. उन्हात ज्वारी आपली पर्णरंध्रे मिटून पाणी वाचवू पाहते, त्या वेळी टारफुल्याची पर्णरंध्रे उघडीच असतात. ओल्या जमिनीतही ताट का कोमेजते याचा उलगडा येथे होतो. टारफुला डोळ्यांना दिसतो तेव्हा चालू वर्षाचे नुकसान बव्हंशी होऊन गेलेले असते. त्या वेळी केलेली उपटणी ही पुढील वर्षांच्या पिकासाठी असते, ही गोष्ट शेतकऱ्याला आधीच सांगितलेली बरी; अन्यथा 'उपटून काही फरक पडला नाही' म्हणून तो दुसऱ्या वर्षी हात आखडतो.

कॅरोलायनातील मका

वेळेवर पटलेल्या ओळखीचे मोल दर्शविणारे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील कोलंबस परगण्यात मक्याचे पीक विनाकारण सुकत होते आणि रोगाचे निदान होत नव्हते. १९५६ साली तेथील विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने मक्याच्या बुडाशी असलेले लाल फुलांचे तण पाहिले. आपल्या देशात ज्वारी खाणारे तण हेच, असे त्याने ओळखले. तोपर्यंत अमेरिकेत टारफुला असल्याची कोणास कल्पना नव्हती. त्या विद्यार्थ्याने घरच्या शेतात तांबडे फूल बहुधा पाहिलेही नसेल. तरीही रंगभेदाने तो फसला नाही.

पुढील वर्षी विलगीकरणाचे नियम जारी झाले. बाधित शेतातून माती, अवजारे व माल तपासणीशिवाय बाहेर नेण्यास बंदी झाली. उत्तर व दक्षिण कॅरोलायना मिळून बाधित आढळलेले क्षेत्र कालांतराने सुमारे ४,३२,००० एकरांवर पोहोचले. तणनाशके, बांधावरील गवतांचा नाश आणि जमिनीत इथिलीन वायू टोचून बियाला यजमानाविना उगवावयास लावणे अशा उपायांनी, अर्धशतकाहून अधिक काळ अखंड परिश्रम करून, हे क्षेत्र ९९ टक्क्यांहून अधिक कमी करण्यात आले. तेथे टारफुला नवखा होता आणि खर्च करणारे सरकार श्रीमंत होते. आपल्याकडे तो मुळचाच रहिवासी आहे. इथिलीनचा मार्ग येथील कोरडवाहू शेतकऱ्यास परवडणारा नाही. पण त्यामागील तत्त्व विनामूल्य उपलब्ध आहे.

आपल्या शिवारात

ते तत्त्व म्हणजे बियाला फसवून उगवावयास लावणे. कपाशी, भुईमूग, सूर्यफूल, सोयाबीन, तूर, चवळी यांची मुळे कमीअधिक प्रमाणात टारफुल्याचे बी जागे करतात, पण त्याला थारा देत नाहीत. अशा पिकांचा ज्वारीशी फेरपालट केल्यास जमिनीतील बियांचा साठा घटत जातो. एका हंगामाने तो संपत नाही. तीन-चार वर्षे सातत्य हवे. एकाच रानात ज्वारीवर ज्वारी घेणारा मात्र दरवर्षी शत्रूची कोठी भरीत असतो. केनियात मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची चाऱ्याची द्विदल वनस्पती लावून टारफुला दडपण्याची पद्धत रूढ झाली आहे. येथील कोरड्या हवेत ती कितपत जमेल हे प्रयोगावाचून सांगता येणार नाही.

वाणांचाही प्रश्न आहे. १९६४ साली प्रसारित झालेल्या सी.एस.एच.-१ या पहिल्या संकरित ज्वारीने उत्पादनाची नवी शक्यता दाखविली, परंतु ती टारफुल्यास फार लवकर बळी पडत असे. इतकी की प्रतिकारक्षमतेच्या चाचण्यांत ती 'हमखास बळी पडणारा वाण' म्हणून तुलनेसाठी पेरली जाऊ लागली. उलट भारतातीलच एन-१३ या वाणाच्या मुळांत शोषक अंगाला आत शिरू न देण्याचा गुण आढळला. पटानचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेने प्रतिकारक्षम ज्वारीची एस.ए.आर. मालिका तयार केली. इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांस टारफुल्याला व अवर्षणाला दाद न देणाऱ्या ज्वारीवरील संशोधनासाठी २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला.

तणनाशकांपैकी २,४-डी हे टारफुल्यावर परिणामकारक आहे. पण ज्या रानात ज्वारीबरोबर तूर आहे, किंवा वाऱ्याच्या बाजूला कपाशी वा द्राक्षबाग आहे, तेथे त्याचा तुषार अनर्थ करतो. अशा ठिकाणी फुलोऱ्यापूर्वीची उपटणी हाच मार्ग. जमिनीवर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत टारफुला फुलतो आणि त्यानंतर काही आठवड्यांत बोंडे तडकतात. रोपे एकाच वेळी येत नाहीत. म्हणून एक उपटणी पुरत नाही. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फेऱ्या व्हाव्या लागतात, आणि त्यांपैकी एक ज्वारी काढल्यानंतर, कारण मागे राहिलेल्या धसकटांवरही तो जगतो आणि त्या वेळी शेताकडे कोणाचेही लक्ष नसते.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. बी पाण्याच्या ओहोळाबरोबर खालच्या रानात उतरते, वखराच्या फासेला लागलेल्या मातीतून व बैलांच्या खुरांतून जाते, कडब्याला चिकटून गोठ्यात व तेथून उकिरड्यात पोहोचते. वरच्या रानातील शेतकऱ्याने दुर्लक्ष केले तर खालच्याने केलेली उपटणी व्यर्थ जाते. ग्रामसभेच्या वहीत बाधित गट क्रमांकांची नोंद झाली, त्या रानांतील अवजारे व मळणी यंत्र शेवटी फिरविण्याचे ठरले आणि बांधावरील गवत फुलोऱ्यापूर्वी कापले गेले तर ते पुष्कळच झाले. खरिपात ऑगस्टअखेर शाळेच्या वरच्या वर्गांनी भिंग व खुरपे घेऊन शिवारफेरी काढली, तर ही नोंद बिनखर्चात होऊ शकते. मुले शिरा मोजण्यात मोठ्यांपेक्षा चिकाटीची असतात.

नमुना घेताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. फुलांवर असलेले रोप ज्वारीच्या मुळासह वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावे. त्यावर गावाचे नाव, पीक, तारीख आणि ताज्या फुलाचा रंग लिहावा, कारण वाळल्यावर सर्व काळे पडते. अशी घडी तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा कृषी विद्यापीठात निदानासाठी पाठविता येते. मात्र बोंडे तपकिरी होऊन तडकू लागली असतील तर नमुना गोळा करण्याचा मोह टाळावा. ती रोपे जागच्या जागी कागदी पिशवीत उतरवून घ्यावीत आणि शेताबाहेर न नेता तेथेच जाळावीत.